दुसऱ्या ओळीतलं नाव

शेटे मॅडम हातात आलेला कागद अर्धा वाचून कधी खाली ठेवत नसत. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं छापलेलं, लग्नपत्रिकेतली सगळ्यात खालची चिमुकल्यांची ओळ, विद्यापीठाच्या परिपत्रकाच्या शेवटी 'प्रत माहितीस्तव' म्हणून दिलेली यादी, सगळं. आम्ही बाकीचे विषय वाचून सही करायचो आणि परिपत्रक पुढे सरकवायचो. मॅडमपाशी ते अडकायचं. शिपाईमामा दारात उभे राहून कंटाळायचे.

"मॅडम, नुसती सही करायची हाय."

"कशाखाली करते त्ये तर कळू द्या," असं म्हणून त्या कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या.

मी नेकनूरचा. बीडच्या जवळच मुलींच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संगणक शिकवायला लागलो तेव्हा मॅडमच्या नोकरीची शेवटची तीनेक वर्षं उरली होती. त्या सांख्यिकी शिकवायच्या. चौसाळ्याहून रोज एसटीनं यायच्या. घरचं भांड्यांचं दुकान, माणसं शिवभक्त. कपाळावर भस्माची बारीक रेघ, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा, एक लांब लाकडी फूटपट्टी आणि बाहेर डोकावणारा रंगीत खडूंचा डबा. गाडीत उभं राहावं लागलं तर ती फूटपट्टी शेजारच्याला टोचायची, आणि मॅडम दर वेळी नव्यानं माफी मागायच्या.

त्यांच्या त्या पुरतं वाचायच्या सवयीला आम्ही हसायचो. एकदा परीक्षेचं वेळापत्रक आलं. तारखा सगळ्यांनी बघितल्या, मुलींनी मोबाईलवर फोटो काढून घेतले. मॅडमनी तळटीप वाचली. एका विषयाचा पेपर दुपारऐवजी सकाळी होता. त्यांनी वर्गाची यादी काढली आणि स्टाफरूमच्या खिडकीत उभं राहून एकेका मुलीला फोन लावला. पालीच्या एका मुलीचा फोन लागेना, तर दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर घरी जायचं सोडून पालीच्या गाडीत बसल्या आणि तिच्या दारात जाऊन सांगून आल्या. मी म्हणालो, "मॅडम, कुणाच्या तरी हाती निरोप दिला असता." त्या म्हणाल्या, "निरोप देणाऱ्यानं बी अर्धाच ऐकला असता तर?"

पण मॅडम म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात ती सीताफळं.

दिवाळीच्या आधीचे दिवस. पालीकडच्या डोंगरातल्या मुलींना त्यांनी सांगितलं, "उद्या येताना सीताफळं आणा, पिकलेली." दुसऱ्या दिवशी वर्गात चार टोपल्या. प्रत्येकीला एक फळ, एक कागद. "खा. पण प्रत्येक बी कागदावर ठेवायची. गिळलेली बी सांगायची, लाजायचं न्हाई." मी शेजारच्या खोलीत तास घेत होतो, त्या वासानं आणि हशानं माझाही वर्ग उठून दारात आला. मग मॅडमनी फळ्यावर आडवी रेघ मारली आणि मुली एकेक आकडा सांगत गेल्या तसतसे त्या ठिपके चढवत गेल्या. मधे ढीग, दोन्हीकडे उतार. सगळे ठिपके झाल्यावर त्यांनी फूटपट्टी बाजूला ठेवली, हिरवा खडू घेतला आणि डावीकडून उजवीकडे एका दमात त्या ढिगावरून घंटेच्या आकाराची रेघ ओढली. कुठं थांबल्या नाहीत, कुठं पुसलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

एकच ठिपका पार उजव्या टोकाला पडला होता. आस्मा नावाच्या मुलीचं फळ. नेकनूरचीच, माझ्या ओळखीच्या घरातली. तिच्या फळात वर्गात सगळ्यांत जास्त बिया निघाल्या होत्या. ती ओशाळून म्हणाली, "मॅडम, माझा खोडून टाका. मोजायला चुकले असंल."

"पुन्हा मोज."

तिनं पुन्हा मोजल्या. तेवढ्याच भरल्या.

"मग कशाला खोडायचा? लांब पडला म्हणून काय चुकीचा होतो का?" मॅडमनी त्या ठिपक्याभोवती लाल गोल केला.

असं शिकवणाऱ्या बाईंच्या वाट्याला नवा अभ्यासक्रम आला. आलेख आता कागदावर काढायचे नव्हते, संगणकावर काढायचे होते, पायथन नावाच्या भाषेत. त्या वयाचे बाकीचे प्राध्यापक तासिका तत्त्वावरच्या कुणाच्या तरी गळ्यात असले पेपर घालून मोकळे झाले. मॅडमनी दोनशे पानी वही घेतली आणि माझ्यापुढे येऊन बसल्या.

"गायके सर, मला पहिलीतल्या पोरीगत शिकवा. मी सगळं लिहून घेते."

खरंच सगळं लिहून घेतलं. सुट्टीचे पंधरा दिवस रोज आल्या. कोणतं बटन कुठं, कंस कोणता, स्वल्पविराम कुठं. मी कंटाळलो, त्या कंटाळल्या नाहीत. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या विभागाच्या जुन्या डेस्कटॉपवर पायथन टाकलं आणि आलेख काढायची लायब्ररी टाकली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेलं काम. आपल्या फाईलच्या पहिल्या ओळीत तिचं नाव घ्यायचं की ती हजर होते आणि आपल्यासाठी रेघा काढते. हिचं नाव मॅटप्लॉटलिब. मी तिथल्या तिथे चार ओळी टाईप करून बघितल्या, पडद्यावर निळी रेघ उमटली. मॅडमनी लहान मुलीसारखा तोंडावर हात धरला.

"अगं बाई! हे तर माझ्यापेक्षा सरळ काढतंय."

मग मी त्याच चार ओळी त्यांच्यासाठी नमुना म्हणून एका फाईलमध्ये सेव्ह केल्या. डी ड्राईव्हवर माझ्या नावाचा फोल्डर होता, गायके म्हणून, त्यात. फाईल मॅडमना पटकन सापडावी म्हणून तिला लायब्ररीचंच नाव दिलं. ती फाईल चालवून बघितली नाही. ओळी तर आत्ताच चालल्या होत्या. "तुमचं सगळं काम याच फोल्डरमध्ये ठेवत जा," असं सांगून मी घरी गेलो.

कॉलेज उघडलं आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाला निळ्या रेघेऐवजी लाल अक्षरं आली.

पुढचे दोन महिने मी त्या डेस्कटॉपपुढे किती वेळा बसलो असेन सांगता येत नाही. लायब्ररी काढून पुन्हा टाकली. जुनी आवृत्ती टाकली, नवी टाकली. पायथनच उपटून पुन्हा बसवलं. इंटरनेटवर जे जे लिहिलेलं दिसलं ते ते केलं. दर वेळी टाकून झाली की संगणक म्हणे, लायब्ररी बसली आहे. दर वेळी चालवताना म्हणे, नाही. मॅडमची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर चालवली तर आलेख झर्रकन निघाला. मुली प्रोजेक्टरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायच्या. मॅडम प्रोजेक्टर बंद करून त्याच पडद्याशेजारच्या फळ्यावर आलेख काढायच्या आणि म्हणायच्या, "उद्या यातच करू."

लाल अक्षरं आली की त्या वहीत उतरवून घ्यायच्या. तारीख, वेळ, आणि खाली तो इंग्रजी मजकूर टिंबासकट, अवतरणचिन्हांसकट. एका दुपारी त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी दुसऱ्या वर्गाच्या वह्या तपासत होतो.

"सर, हे जरा ऐका. पहिल्या ओळीत माझ्या फाईलचं नाव हाय. ते बरोबर, मी तीच चालवली. दुसऱ्या ओळीत तुमचं नाव येतंय. गायके, आणि पुढं तुमची ती नमुन्याची फाईल. मी तर ती उघडलीच न्हाई. मग माझ्या फाईलमधून हे तुमच्या फाईलमधी कावून जातंय?"

"मॅडम, वरच्या ओळी सोडून द्या," मी वहीतून मान वर न काढता म्हणालो. "खरा एरर शेवटच्या ओळीत असतो."

"शेवटची बी वाचली. त्यात म्हणतंय, मॅटप्लॉटलिब हे पॅकेज न्हाई. सापडलं न्हाई असं म्हणत न्हाई, सर. म्हणजे त्या नावाचं कायतरी त्याला सापडलंय. पण ते पॅकेज न्हाई. हो का न्हाई?"

"इंग्रजीचा एवढा कीस काढू नका, मॅडम. मशीन जुनं आहे."

त्यांनी त्या ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग वही मिटून गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न घेऊन आल्या, तेव्हा मी, खोटं कशाला बोलू, त्यांना येताना बघून मोबाईल कानाला लावला.

मला कळलं ते फार उशिरा, पण त्यांनी जे विचारलं होतं तेच उत्तर होतं. पायथनला एखादी लायब्ररी हवी असली की ते आधी आपल्या फाईलच्या शेजारी बघतं, त्या नावाचं काही पडलंय का. पडलेलं होतं. माझी चार ओळींची फाईल. खऱ्या लायब्ररीपर्यंत ते पोचतच नव्हतं. माझी फाईल पुसायची किंवा तिचं नाव बदलायचं, एवढंच काम होतं.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली तेव्हा प्राचार्यांनी दोघांनाही बोलावलं.

"दोन महिन्यांत एक आलेख निघेना? नेमकं अडलंय कुठं?"

मला पुढच्या वर्षीची नेमणूक हवी होती. मी म्हणालो, "सर, लायब्ररी व्यवस्थित टाकलेली आहे. मॅडमची फाईल माझ्या लॅपटॉपवर चालते. बहुतेक मॅडमच्या हातून काहीतरी सेटिंग बदललं गेलं असावं."

बहुतेक हा शब्द मी घातला होता. तो कुणाच्याच कानात राहिला नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. एखादी बेरीज दोन वेळा करून दोन उत्तरं आली की त्या जशा कागदाकडे बघायच्या तशा त्या बघत होत्या. मग प्राचार्यांना म्हणाल्या, "मी कशाला हात लावलेला आठवत न्हाई. पण लागला असंल बी. मला त्यातलं कळत न्हाई."

'मला कळत नाही' हे त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो पेपर त्यांच्याकडून काढून मला देण्यात आला.

मी डेस्कटॉप सगळा पुसून नव्यानं उभा केला. जुन्या फायली पेनड्राईव्हवर काढून ठेवल्या, नवा फोल्डर केला आणि पहिल्याच झटक्यात आलेख आला. प्राचार्य स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, तरुण माणूस." मॅडमनीही मान डोलावली. "चांगलं झालं," म्हणाल्या, "पोरींचं नुकसान टळलं."

त्यानंतर त्या बदलल्या. मोठं काही नाही. शिकवायच्या तशाच, फळ्यावरच्या रेघा तशाच. पण संगणकाच्या टेबलाला वळसा घालून जायच्या. हजेरी ऑनलाईन भरायची झाली तर एखाद्या मुलीला बसवायच्या आणि स्वतः दोन पावलं मागे उभ्या राहायच्या. "तू कर गं, माझा हात लागला तर पुन्हा बिघडायचं." मुली हसायच्या. पहिल्यांदा मायेनं हसायच्या, पुढच्या वर्षीच्या मुली नुसत्याच हसायच्या. त्यांना सीताफळाचा तास माहीत नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं की या मॅडमच्या हातून विभागाचा संगणक बिघडला होता. आणि परिपत्रकं, तीही आता त्या विषय वाचून सही करून पुढे देऊ लागल्या होत्या. शिपाईमामांना बरं वाटलं असेल.

मॅडमच्या निवृत्तीला तीन महिने होते तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तक्रार आणली. आलेख येत नाही. मी पडद्याकडे बघितलं. तीच लाल अक्षरं. पहिल्या ओळीत तिची फाईल, दुसऱ्या ओळीत तिचीच आणखी एक फाईल. गंमत म्हणून तिनं तिला लायब्ररीचं नाव दिलं होतं. मी त्या फाईलचं नाव बदललं, आलेख आला. मुलगी "थँक्यू सर" म्हणून गेली. मी तिच्या रिकाम्या खुर्चीत बसून राहिलो. घरी येऊन जुना पेनड्राईव्ह शोधला. गायके नावाचा फोल्डर, त्यात ती फाईल. चार ओळी. तारीख सुट्टीतली.

मी सांगायला हवं होतं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. त्या तीन महिन्यांत त्यांनी मला डब्यातली शेंगाचटणी दिली, माझ्या मुलीच्या तापाची चौकशी केली, एकदा विचारलंही, "सर, तब्येत बरी न्हाई का? गप गप असता." मी म्हणालो, कामाचा ताण. माझ्या कायम होण्याचा कागद वर गेला होता आणि त्याच्यासोबत प्राचार्यांची शिफारस होती. एकदा तो कागद परत येऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला रोज सांगत होतो.

निरोपाच्या कार्यक्रमात सहकाऱ्यांच्या वतीनं मीच बोललो. सीताफळांची गोष्ट सांगितली, हिरव्या खडूच्या रेघेची सांगितली. लोकांना आवडलं. उत्तरादाखल मॅडम उभ्या राहिल्या. सगळ्यांचे आभार मानले, शिपाईमामांचे नाव घेऊन मानले. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मनाला लागून राहिली. कॉम्प्युटर मला जमला न्हाई. त्या वर्षीच्या मुलींचे दोन महिने माझ्यामुळं वाया गेले. त्यातल्या कोणी इथं असतील तर मी त्यांची माफी मागते."

आस्मा आली होती. ती मागच्या रांगेतून उठून म्हणाली, "नको मॅडम, असं काय म्हणता!" आणि रडायला लागली. मी समोरच्या रांगेत बसलो होतो. माझ्या मांडीवर त्यांना द्यायचा पुष्पगुच्छ होता.

माझा कागद मंजूर होऊन आला. त्यानंतरही आठ महिने गेले. एका दुपारी मी बीडहून गाडीत बसलो आणि चौसाळ्याला उतरलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही. दारात स्टीलच्या घागरींची चळत, आत गल्ल्याशी मॅडम. मला बघून खूश झाल्या. स्टूल पुढे केलं, सुनेला चहाचं सांगितलं.

मी चहा यायच्या आतच सगळं सांगितलं. फाईल, नाव, फोल्डर, दुसरी ओळ. संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी वाचत होते ते बरोबर होतं?"

"पूर्ण बरोबर होतं, मॅडम."

"हे तुमाला कधी कळलं?"

मी सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला असावा.

"म्हणजे निरोपाच्या आधी."

"हो."

"तुमी बोललात त्या दिवशी. लई छान बोललात."

मी मान खाली घातली. चहा आला. सून आत गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घरी बी मी सांगितलं होतं, माझ्या हातून कॉलेजचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून. ही आता मला मोबाईलमधलं काही करू देत न्हाई. म्हणते, आई, राहू द्या, मी करते. तिचं काय चुकलं? मीच सांगितलेलं." त्यांचा आवाज कडक झाला. तसा आवाज मी वर्गातही कधी ऐकला नव्हता. "मुलींना सांगितलं का?"

"नाही. आधी तुम्हाला—"

"मला सांगून काय होतंय आता? मी दुकानात बसते. त्या पोरींपुढं मी माफी मागितली, सर. त्यांना सांगा. आस्माला सांगा. एकेकीला सांगा."

"सांगतो, मॅडम. माफ करा."

एक बाई दुकानाची पायरी चढून आली, तिला कुकरची रिंग हवी होती. मॅडम उठल्या आणि पाठ करून फळीवरच्या पिशव्या चाळायला लागल्या. मी उरलेला चहा उभ्याउभ्याच प्यायलो.

आस्माला मी सांगितलं आहे. बाकीच्यांचे नंबर शोधतो आहे. काही पुण्याला गेल्या, काहींची लग्नं झाली, नंबर बदलले. ज्यांना सांगितलं त्यातली एक म्हणाली, "जाऊ द्या ना सर, जुनं झालं." तिला आठवतही नव्हतं. एवढंच आठवत होतं की मॅडमना कॉम्प्युटर जमत नव्हता.

त्या दिवशी दुकानातून निघताना मी "येतो, मॅडम" म्हणालो. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, आणि मला हाक मारली असं वाटून मी चटकन वळलो. फळीकडे हात वर करून त्या त्या बाईला विचारत होत्या, "कुकर किती लिटरचा हाय?"